वयाच्या … व्या वर्षी

थोरल्या राणीसाहेबांचं निधन
रत्नागिरीच्या आमच्या केंद्रावर एकोणीस वर्षं आधीच तयार होतं.
हिरवी फाईल, पोलादी कपाटाच्या तळखणात,
शेजारी सिलिका जेलच्या पुड्या,
कारण मिऱ्याकडून येणारा वारा
फितीलासुद्धा सोडत नाही.

फायलीत सारंगी, बारा मिनिटं.
समासात शेरा: सनई नको, लग्न वाटतं.
शिरगड संस्थानाचा इतिहास, अडीच पानं.
राजवाड्यावरच्या कारभाऱ्यांचा नंबर
आणि खुणेचं वाक्य, कोणी ठरवलं देव जाणे:
"आज ओहोटी लवकर लागली."
हे ऐकलं की चालू कार्यक्रम हळूहळू खाली आणायचा.
तोडायचा नाही.
नाट्यगीत असेल तर तोडायचा.

निवेदन वामन तेरवणकरांचं.
एका दुपारी त्यांनी ते एका दमात वाचलं,
तांब्याभर पाणी प्यायले, म्हणाले,
"बाई धडधाकट आहेत हो, मला उगाच पाप."
"आज"नंतर त्यांनी थोडी जागा सोडली होती.
"वयाच्या"नंतर थोडी.
तिथे मी.

मी हंगामी निवेदिका, दिवसाला दीडशे रुपये.
दर माघात राणीसाहेबांचा वाढदिवस झाला की
होडेकर इंजिनियर मला काचेआड बसवत
आणि मी एकच शब्द म्हणे:
एकोणऐंशीव्या.
पुन्हा घ्या, फार आनंदी वाटतंय.
एकोणऐंशीव्या.
ते ब्लेडने जुना आकडा कापत, नवा डकवत.
कापलेले तुकडे गुणाजी शिपाई घरी नेई,
परसातल्या वालीवर बांधी, पाखरं उडवायला.
तिथे उन्हात माझा आवाज चमकत असे.

पुढे संगणक आला, ब्लेड गेलं,
होडेकर निवृत्त झाले, मी कायम झाले,
राणीसाहेब मात्र वर्षाला एक, अशा पुढेच.

तेरवणकर गेले ते वेंगुर्ल्याला, एका आषाढात.
आम्हाला दोन दिवसांनी कळलं.
नियमात बसेल असं काही नव्हतं.
संध्याकाळी बांगड्याचे भाव सांगितले,
कोळंबीचे सांगितले,
वारा ताशी किती, तेही.
सांगणारी मीच होते.

फोन आला तेव्हा पावणेसहा.
सुपारीवरच्या कोळे रोगाबद्दल कोणी तज्ज्ञ बोलत होते.
कारभारी खुणेचं वाक्य विसरले,
नुसते रडले.
मी वेळ विचारली, रिकामी जागा भरली,
तज्ज्ञांना हळूहळू खाली आणलं,
सारंगी वर.

मग ते बोलले.
"कळविण्यास अत्यंत दुःख होते की"
कोरडा, स्वच्छ, प्रत्येक ळ जागेवर ठेवणारा गळा,
सहा वर्षांपूर्वी राख झालेला,
"आज"
चार वाजून दहा मिनिटांनी, मी,
"थोरल्या राणीसाहेब वयाच्या"
अठ्ठ्याण्णवाव्या, मी,
"वर्षी".
सांधा कळला नाही.
होडेकर असते तर कान खाजवत म्हणाले असते, बरा बसलाय.

शिरगडावर झेंडा उतरला म्हणे,
बाजारपेठ अर्धी बंद.
केंद्रावर फोन एकच. वेंगुर्ल्याहून,
म्हातारा, सावकाश:
"बाय, राणी गेली ता ऐकलंय.
पण सांगणारो तो… आमचे हे मा?"
हो, म्हटलं.
पलीकडे पंखा की समुद्र, काहीतरी फिरत राहिलं.
"परत कधी लावतल्यात?"
दर तासाला, मध्यरात्रीपर्यंत.
"बरा." आणि मग, जरा संकोचून:
"ती मधीच बाय कोण बोलता,
तिका जरा गप ऱ्हवाक सांगशात?"

अकराच्या वेळी मी माझे दोन्ही शब्द काढले.
आज.
वयाच्या.
वर्षी.
मधल्या जागेत जुन्या फितीची खरखर,
आणि त्यांनी घेतलेला एक श्वास,
जो इतकी वर्षं माझ्या आकड्याखाली होता.

सोमवारी मला मेमो आला.